भाता बदलला म्हणून पेटी खोटी होत नाही

मराठीतला भाता हा शब्द मोठा उदार आहे. रामाच्या पाठीवर बाणांचा भाता, लोहाराच्या भट्टीशी कोळसा फुलवणारा भाता आणि देवळाच्या मंडपात भजनी पेटीचा भाता. जुन्या घडीच्या कॅमेऱ्यात भिंग आणि फिल्म यांच्यामध्ये जी काळी, चुण्याचुण्यांची नळी असते, तिला इंग्रजीत पेटीच्या आणि लोहाराच्या भात्याचाच शब्द आहे : बेलोज. म्हणून मीही तिला भाताच म्हणतो. बाणांचा सोडला तर या सगळ्या भात्यांचे नशीब एकच. यंत्रात पहिल्यांदा तेच फाटतात. पेटीचे सूर वर्षानुवर्षे टिकतात, कॅमेऱ्याचे भिंग माणसाच्या आयुष्याहून अधिक टिकते. पण भाता मात्र रोज वाकतो, रोज उघडतो, आणि एक दिवस कोपऱ्यात चिरतो. मग आपण म्हणतो, पेटी गेली. कॅमेरा गेला.

खरे म्हणजे गेलेला असतो तो भाता.

आजचा विषय वरवर पाहता किरकोळ आहे : एका जुन्या पोलरॉइड कॅमेऱ्याला नवा भाता करणे. माझ्यासारख्या सरकारी कारकुनाने, तोही कला शाखेचा पदवीधर, या भानगडीत कशाला पडावे, असे कोणालाही वाटेल. पण या निमित्ताने मला जे दिसले ते आपल्या गोव्यातल्या पेट्यांना, घुमटांना आणि एकूणच जुन्या वस्तूंशी वागण्याच्या आपल्या रीतीला लागू आहे. म्हणून हा प्रपंच.

आधी कॅमेऱ्याची ओळख करून देतो. एडविन लँड या अमेरिकन संशोधकाने १९४७ साली न्यूयॉर्कमध्ये शास्त्रज्ञांच्या सभेत एका मिनिटात हातात फोटो देणारी पद्धत करून दाखवली. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९४८ मध्ये, बोस्टनच्या एका मोठ्या दुकानात पहिला पोलरॉइड कॅमेरा, मॉडेल ९५, विक्रीला आला. किंमत सुमारे ९० डॉलर. वजन दोन किलोच्या आसपास. याच्या पोटात दोन रोल बसत, एक निगेटिव्हचा आणि एक कागदाचा. फोटो काढून कागद ओढला की दोन्ही थर रुळांमधून एकमेकांवर दाबले जात, मध्ये रसायनाची छोटी पुडी फुटून पसरे, आणि मिनिटभराने कागद सोलून काढला की फोटो तयार. आज हे ऐकून आपल्या मुलांना काही वाटणार नाही. पण ज्या काळात स्टुडिओतून फोटो मिळायला आठवडा लागायचा, त्या काळात ही जादूच होती.

असा एक कॅमेरा, मॉडेल ९५ च्या घराण्यातला, माझ्या मावशीच्या घरी आहे. मावशीचे घर कुळगीला. अनमोड घाट चढून, रामनगर, जगलबेट मागे टाकत दांडेली गाठायची आणि तिथून आंबिकानगरच्या रस्त्याला लागायचे, की कुळगी येते. वनखात्याच्या निसर्ग शिबिरामुळे हे नाव आता पर्यटकांना ठाऊक झाले आहे. आजूबाजूचे जंगल म्हणजे काळी व्याघ्र प्रकल्प. आधीचे दांडेली-अणशी हे नाव जाऊन २०१५ साली नदीचे नाव मिळाले. जोयडा तालुका कर्नाटकात असला तरी तिथल्या अनेक घरांत कोंकणी आणि मराठी बोलली जाते, आणि गोव्याशी सोयरिकी आहेत. आमची त्यांतलीच एक.

मावशीचे यजमान, आम्ही त्यांना नुसते काका म्हणतो, काळी जलविद्युत प्रकल्पावर नोकरीला होते. कॅमेरा त्यांच्या थोरल्या भावाचा. पोर्तुगीज अमदानीत गोव्याच्या बाजारात परदेशी माल मुबलक असे, तेव्हा मडगावात घेतलेला. पुढे तो काकांकडे आला. फिल्म इथे मिळत नसे. मस्कतहून येणारा एक नातेवाईक दोन-तीन रोल घेऊन यायचा. काका ते जपून वापरायचे. एका रोलमध्ये आठ फोटो, म्हणजे आठच वेळा विचार करायचा.

त्या आठांतला एक फोटो अजून घरात आहे : सुप्याचा. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, आजचा जोयडा तालुका पूर्वी सुपा तालुका होता. सुपा हे त्याचे ठाण्याचे गाव. काळी नदीवर सुपा धरण झाले, १९८७ साली ते पुरे झाले, आणि गाव पाण्याखाली गेले. ठाणे जोयड्याला हलले, विस्थापितांपैकी अनेकजण रामनगरला वसले. काकांच्या फोटोत त्या बुडालेल्या सुप्याचा एक रस्ता आहे, दोन कौलारू घरे आहेत आणि पाठमोरी चालणारी एक बाई. त्या काळच्या काळ्या-पांढऱ्या पोलरॉइडवर फोटो सोलल्याबरोबर एक द्रव फासावा लागे, नाहीतर चित्र फिके पडत जाई. फासताना डावी कड तेवढी सुटली असावी. त्या कडेचे घर आता पिवळट धुक्यात गेले आहे. पोलरॉइडची गंमत आणि गोम तीच : फोटो एकच. निगेटिव्ह ठेवून दहा प्रती काढायची सोय नाही.

गेल्या दिवाळीनंतर मी कुळगीला गेलो तेव्हा या कॅमेऱ्यावरून घरात वाद चालू होता. जवळच्या एका होमस्टेवाल्याने तो मागितला होता. त्याला भिंतीवर लावायचा होता, कंदील, जाते आणि जुन्या रेडिओच्या शेजारी. पैसे बरे देत होता. माझ्या मावसभावाचे म्हणणे सरळ होते. "फिल्म मिळत नाही, भाता फाटलाय, कपाटात बुरशी खातोय. भिंतीवर निदान चार माणसे बघतील तरी." काका काही बोलत नव्हते. मावशी म्हणाली, "त्यांना विचारू नकोस. ते हो म्हणतील आणि मग आठ दिवस जेवणार नाहीत."

मावसभावाचा मुद्दा खोटा नव्हता, हे आधी मान्य करतो. पोलरॉइडच्या या रोलची फिल्म १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच बंद झाली. पुढे कंपनीने २००८ साली आपली उरलीसुरली फिल्मही थांबवत असल्याचे जाहीर केले. मग भात्यावर मेहनत कशासाठी? तरी मला भिंतीची कल्पना रुचेना. बिघडलेली वस्तू दुरुस्त करणे जमत नसेल तर ठेवून द्यावी, द्यायची तर जो वापरील त्याला द्यावी. पण न चालणारी वस्तू सजावट म्हणून टांगायची, हे मला माणसाच्या बाबतीत हार घालून तसबीर लावण्यासारखे वाटते. आणि हा कॅमेरा तर जिवंत होता. शटर दाबले की टक् असा स्वच्छ आवाज येत होता.

त्या रात्री आम्ही तो तपासला. भात्याची परीक्षा सोपी आहे. पूर्ण काळोख हवा, आणि कुळगीत काळोख विकत आणावा लागत नाही. मागचे झाकण उघडून छोटी विजेरी आत ठेवली, वरून काळे कापड गुंडाळले आणि दिवे मालवले. भात्यावर एकेक ठिपका उजळला. मोजून सतरा. जवळजवळ सगळे कोपऱ्यांवर, जिथे चार बाजूंच्या घड्या एकत्र येतात तिथे. सुईच्या टोकाएवढी भोके, पण प्रत्येकातून फिल्मवर उजेड सांडणार, आणि फोटोवर पांढुरके डाग पडणार. काका अंधारात म्हणाले, "अरे, हे तर आकाशच झाले." मावसभाऊही हसला, आणि वाद त्या रात्रीपुरता मिटला.

कोपरेच का फाटतात, यात या सगळ्या विद्येचे मर्म आहे. भात्याला चार बाजू असतात. वरची आणि खालची घडी बाहेर येते तेव्हा डाव्या-उजव्या बाजूची घडी आत जाते, आणि पुढच्या चुणीत याच्या उलट. म्हणजे प्रत्येक कोपऱ्यावर कापड एकाच वेळी दोन दिशांनी मुडपले जाते. शिवाय दमट हवा. आपल्याकडे आणि घाटावरच्या या जंगलपट्ट्यात चार महिने पाऊस. जुन्या भात्याचा सरस ओल धरतो, बुरशी येते, झुरळे त्यावर जेवतात, मग थर सुटतात आणि कोपऱ्याला आधार राहात नाही. लहान छिद्रांवर काळा रंग किंवा काळे रबर-सोल्यूशन लावून काम भागते. पण सतरा भोके म्हणजे ठिगळाला ठिगळ. नवा भाता करणेच बरे.

तो कसा करतात ते थोडक्यात सांगतो, कारण माझ्या म्हणण्याचा आधार तोच आहे. जुना भाता न फाडता, चौकटींपासून हळूच सोडवायचा. हा आपला गुरू. पुढच्या चौकटीची मापे, मागच्या चौकटीची मापे, घड्या किती आणि प्रत्येक घडी किती रुंद, हे त्याच्यावरून लिहून घ्यायचे. भाता पुढे निमुळता असतो, म्हणून त्याची प्रत्येक बाजू उलगडली की टोपलीच्या बाजूसारखा चौकोन दिसतो, खाली रुंद आणि वर अरुंद. असे चार चौकोन शेजारी शेजारी आखले की कागदी साचा तयार.

मग तीन थर. आतला थर काळ्या, दाट विणीच्या अस्तराच्या कापडाचा. चमक नको, कारण आत चमकणाऱ्या कापडावरून उजेड परततो आणि चित्र फिके होते. मधला थर पातळ पुठ्ठ्याच्या पट्ट्यांचा. जाडी साधारण लग्नपत्रिकेच्या कार्डाएवढी. दोन पट्ट्यांमध्ये दीड-दोन मिलिमीटरची फट सोडायची, तीच पुढे घडीची रेघ होते, आणि कोपऱ्याकडे पट्ट्या तिरक्या छाटायच्या म्हणजे वळायला जागा राहते. बाहेरचा थर वहीबांधणीच्या काळ्या कापडाचा किंवा पातळ कातड्याचा. सगळे सपाट चिकटवून, मग त्याची नळी करायची आणि जोड खालच्या बाजूला घ्यायचा, जिथे ऊन सरळ पडत नाही. शेवटी ओलसर असतानाच एकेक चुणी चिमटीत धरून घडी घालायची, पूर्ण मिटवायची आणि वजनाखाली ठेवायची.

यात जाडीचा हिशेब सर्वांत कठीण. समजा भात्याला १४ घड्या आहेत. मिटल्यावर २८ थर एकमेकांवर बसतात. प्रत्येक थर नुसता पाव मिलिमीटरने जाड झाला तर एकूण ७ मिलिमीटर वाढतात, आणि कॅमेऱ्याचे झाकण बंदच होत नाही. मजबुती हवी तर जाड करा, मिटायला हवा तर पातळ करा, या दोहोंच्या मधली वाट शोधणे म्हणजे भाता करणे. पुस्तकात वाचून ही वाट सापडत नाही. बोटांना सापडते.

आता माझ्या बोटांना ती कुठून सापडावी? मी फायली बांधणारा माणूस. म्हणून गोव्यात परतल्यावर जुना भाता आणि मापे घेऊन फोंड्याकडच्या एका गृहस्थांना गाठले. ते पेट्या दुरुस्त करतात. कॅमेऱ्याचा भाता त्यांनी जन्मात हाताळला नव्हता. त्यांनी तो तोंडाजवळ नेऊन एक फुंकर मारली, गालाला हवा लागते का पाहिले, आणि म्हणाले, "पेटीतून वारा निसटतो, ह्यात उजेड शिरतो. दुखणे एकच." कोपऱ्याला आतून पातळ कातड्याची चिंधी लावायची युक्ती त्यांची. घाई करू नका, हेही त्यांनीच बजावले. "तुमची फाईल आणि माझा भाता, दोन्ही वजन ठेवल्याशिवाय सरळ होत नाहीत," असे म्हणून ते खदखदून हसले. सरकारी नोकराने यावर काय बोलावे!

पेटीवाल्याने कॅमेऱ्याला हात लावणे ही काही नवलाई नाही, हे मला नंतर वाचताना कळले. १९४० च्या दशकात केरळमधल्या अलेप्पीत कुंजुकुंजू भागवतर यांचे वाद्ये दुरुस्त करायचे दुकान होते. गावातला एक छायाचित्रकार आपल्या परदेशी कॅमेऱ्याचा बिघडलेला भाता घेऊन त्यांच्याकडे आला. वाद्यांचे काम करणाऱ्या हातांना भाता परका नव्हता. तो दुरुस्त झाला. आणि गोष्ट तिथे थांबली नाही. त्यांचे चिरंजीव करुणाकरन यांनी पुढे अख्खा कॅमेराच घडवला, लाकडाचा, मोठ्या काचा घेणारा, आणि त्याला नाव दिले वागीश्वरी. हे कॅमेरे पुढची काही दशके देशभरातल्या स्टुडिओंत चालले. तुमच्या-माझ्या आजी-आजोबांचा खुर्चीत ताठ बसून काढलेला फोटो कदाचित अशाच एखाद्या कॅमेऱ्यातून आला असेल. एका फाटक्या भात्यातून एक कारखाना उभा राहिला. तो छायाचित्रकार "आता हा भिंतीवर लावतो" म्हणाला असता, तर?

दुरुस्तीला आपण कमी लेखतो ते इथे. आपल्याला वाटते, नवे घडवणारा तो कलावंत आणि जुने जोडणारा तो नुसता मेकॅनिक. पण वस्तू उघडून तिचे दुखणे शोधणाऱ्यालाच ती कशी घडली हे कळते. आमच्या बोरीचे पं. तुळशीदास बोरकर यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. त्यांचे नाव आपण अभिमानाने घेतो आणि घ्यायलाच हवे. पण गोव्यातल्या गावोगावच्या भजनी पेट्यांचे भाते ज्यांनी चिकटवले, सूर ज्यांनी घासून लावले, त्यांतल्या एकाचे तरी नाव तुम्हाला सांगता येईल का? मलाही येत नव्हते.

यावर एक आक्षेप जाणकारांकडून येतो, आणि तो मावसभावाच्या आक्षेपाहून अवघड आहे. ते म्हणतात, जुन्या वस्तूचे मोल तिच्या अस्सलपणात असते. मूळ भाता काढून नवा घातला की ती वस्तू तेवढी खोटी झाली. फाटका का असेना, मूळचा ठेवा. संग्रहालयात हे बरोबर असेल. पण ज्या वस्तू वापरायच्या आहेत त्यांच्याबाबत हा विचार आपल्या परंपरेत कधी नव्हता. समईची वात रोज बदलतो म्हणून समई खोटी होत नाही. मृदंगाला दरवेळी नवी कणीक लावतो. मूळच्या घडणाऱ्यालाच ठाऊक असते की यातला एक भाग झिजणार आहे, आणि पुढच्या कोणीतरी तो बदलायचा आहे. वस्तूत ती जागा त्याने आपल्यासाठी राखून ठेवलेली असते.

घुमटाचेच बघा. घुमटाच्या तोंडावर पूर्वापार घोरपडीचे कातडे असे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा; त्यानुसार घोरपडीची शिकार गुन्हा ठरली, आणि ते योग्यच झाले. कुळगीच्या जंगलात घोरपड सुखाने सरपटताना बघितली की तर ते अधिकच पटते. तेव्हा अस्सलपणाचा हट्ट धरून आपण घुमट खुंटीला टांगला असता, तर आज चवथीची घुमटआरती ऐकायला मिळाली नसती. आपल्या लोकांनी बकऱ्याचे कातडे ताणून पाहिले. नाद थोडा बदलला, काही जाणत्यांनी नाके मुरडली, पण वाद्य वाजत राहिले. आणि वाजत राहिले म्हणूनच २०१९ साली गोव्याचे वारसा वाद्य म्हणून त्याला मान मिळाला. मान टांगलेल्या घुमटाला मिळाला नसता.

पोलरॉइडचीही कथा अशीच. कंपनीने फिल्म थांबवायचे ठरवल्यावर, २००८ साली, काही जुने कर्मचारी आणि हौशी मंडळींनी हॉलंडमधल्या एन्स्केडे गावातल्या कारखान्याची यंत्रे भंगारात जाण्यापासून वाचवली. मूळची कित्येक रसायने तोवर मिळेनाशी झाली होती. त्यांनी जवळजवळ नव्याने पाककृती बसवली. २०१० साली आलेली त्यांची पहिली फिल्म फिकी, लहरी, उजेडाला घाबरणारी होती. पण लोकांनी ती विकत घेतली, ती सुधारत गेली, आणि २०२० पासून तीच मंडळी पुन्हा पोलरॉइड या नावाने फिल्म विकतात. काकांच्या कॅमेऱ्याला तिचा उपयोग नाही, तो फार जुना. पण धडा उपयोगाचा आहे. अस्सल माल संपला म्हणून रडत बसणारे मागे राहिले, मिळेल त्या मालावर काम चालू ठेवणारे पुढे गेले.

मग फिल्मविना आम्ही काय केले? या कॅमेऱ्याचे शटर साधे, यांत्रिक. बोट दाबून धरले तर तेवढा वेळ उघडे राहते. स्टुडिओत फोटो छापायला वापरतात तो काळा-पांढरा ब्रोमाइड कागद अजून मिळतो. तो मापाचा कापून, तांबड्या दिव्यात, फिल्मच्या जागी चिकटवला. कागद फिल्मसारखा चपळ नसतो, त्याला उजेड बराच जास्त लागतो. नवा भाता बसवून मी पुन्हा कुळगीला गेलो तेव्हा काका-मावशीला अंगणाच्या सावलीत बसवले आणि काकांच्याच थोरल्या नातवाला शटर दाबून दोन आकडे मोजायला लावले. रात्री न्हाणीघरात दोन ताटांत रसायने ओतून कागद बुडवला. हळूहळू चित्र उमटले, उलटे : केस काळे, पातळ पांढरे, आकाश काळेकुट्ट. मावशी म्हणाली, "एवढे सोपस्कार केलेत, निदान माझे पांढरे केस तरी काळे झाले!" नातवाने फोनमध्ये त्याचा फोटो घेऊन रंग उलटे केले, आणि दोघे माणसांत आले. कुठेही पांढुरका डाग नव्हता. भाता पक्का होता.

झटपट फोटोचा हा कॅमेरा आता एका फोटोला अर्धा दिवस घेतो. यात शहाणपणा कुठला, असे कोणी विचारील. फोनवर दिवसाला शंभर फोटो निघतात, हे मलाही ठाऊक आहे, मीही काढतो. फोनला नावे ठेवायची नाहीत. सुप्याच्या त्या फिकट फोटोची प्रत आज घरातल्या सगळ्यांकडे आहे ती फोनमुळेच. पण त्या नातवाने त्या दोन दिवसांत उजेड म्हणजे काय, तो कुठून शिरतो, कसा अडवायचा आणि कसा धरायचा, हे हातांनी शिकून घेतले. भिंतीवरचा कॅमेरा त्याला हे कधीच शिकवू शकला नसता. मावसभावाने होमस्टेवाल्याला नाही कळवले. त्याचे मत बदलले असे तो म्हणत नाही. मुलगा सोडत नाही, एवढेच म्हणतो.

आता आपल्या घरच्या गोष्टीकडे येतो. आपल्या गोव्यात वारसा या शब्दाला सध्या मोठा भाव आहे. हॉटेलांच्या भिंतींवर पेट्या, कॅमेरे, टंकलेखन यंत्रे, ग्रामोफोनचे कर्णे टांगलेले दिसतात. त्यांतल्या कितीतरी वस्तूंचा दोष एखाद्या भात्याएवढा, एखाद्या पट्ट्याएवढा असतो. सरकारी कचेरीत काम करून मला एक गोष्ट चांगली कळली आहे : वस्तू मोडते यंत्रात, पण मरते ती डेड स्टॉकच्या रजिस्टरात. दुरुस्तीचा माणूस कोण, त्याला किती द्यायचे, कोणत्या खात्यातून द्यायचे, हे ठरेपर्यंत निर्लेखनाचा प्रस्ताव तयार होतो. नवी वस्तू घेणे नेहमीच सोपे, कारण तिचे तीन दरपत्रक मिळतात. भाता चिकटवणाऱ्या म्हाताऱ्याचे तीन दरपत्रक कुठून आणणार? तो एकटाच असतो.

म्हणून माझ्या तीन साध्या सूचना. पहिली, भजनी मंडळांसाठी. आपल्याकडे कला अकादमीच्या भजन स्पर्धा होतात, गावोगाव सप्ताह होतात, बक्षिसे मिळतात. त्या पैशातला थोडा भाग दरवर्षी पावसाळ्यापूर्वी पेटीच्या देखभालीसाठी बाजूला काढावा. चवथ चार दिवसांवर आली की कारागिराच्या दारात रांग लावण्यापेक्षा त्याला वर्षभर काम मिळाले तर तो टिकेल, आणि त्याचा मुलगा हे काम शिकायचा विचार तरी करील.

दुसरी, वाचनालये आणि संस्थांसाठी. आपण कलावंतांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करतो, ते चांगलेच आहे. त्याच वहीत कारागिरांची मापेही उतरवावीत. कोणत्या पेटीला किती घड्या, पुठ्ठा कोणता, कातडे कुठून, सरस कसा. ज्ञान फक्त बोटांत असले की माणसाबरोबर स्मशानात जाते.

तिसरी, तुम्हा-आम्हांसाठी. घरातली एखादी बंद पडलेली वस्तू काढा आणि भंगारवाल्याला किंवा सजावटवाल्याला देण्यापूर्वी एकदा विचारा : यातले नेमके काय गेले आहे? दहातल्या चार वेळा उत्तर "सगळेच" असे येईल. मग खुशाल द्या, मोह धरू नका. पण उरलेल्या सहा वेळा एखादाच भाग गेलेला सापडेल, आणि तो भाग करू शकणारा माणूस बहुधा तुमच्याच तालुक्यात कुठेतरी बसलेला असेल, काम नाही म्हणून.

कुळगीच्या कॅमेऱ्याच्या भात्याचा कागदी साचा मी जाड लिफाफ्यात घालून कॅमेऱ्याच्या पेटीतच ठेवला आहे. मापे, कापडाची जात, सरसाचा प्रकार, सगळे त्यावर मराठीत लिहिले आहे. हा भाताही काही अमर नाही. घाटावरचे वीस-पंचवीस पावसाळे त्याने काढले तरी पुष्कळ झाले. त्यानंतर तो कोपऱ्यात चिरेल, जसा चिरायलाच हवा. तेव्हा ज्याच्या हातात तो लिफाफा पडेल, त्याला सुरुवातीपासून सुरुवात करावी लागू नये, एवढीच इच्छा.